पोलिसांच्या गैरवर्तनाविरुद्ध तक्रार: पहिल्या रात्रीपासून प्राधिकरणापर्यंत

पोलीस ठाण्यात मार खाल्लेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिमांडसाठी कोर्टात उभे करतात. न्यायदंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे दोन शिपाई उभे असतात आणि संध्याकाळी परत त्याच लॉकअपमध्ये जायचे असते. माणूस नकारार्थी मान हलवतो. आदेशात एक ओळ पडते: आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. पुढे तो जिथे जिथे अर्ज करील तिथे तिथे ही ओळ त्याच्या आडवी येते.

महाराष्ट्रात पोलिसांच्या गैरवर्तनाची दाद मागायला दारे कमी नाहीत. पोलीस अधीक्षक, न्यायदंडाधिकारी, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, मानवी हक्क आयोग, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आणि शेवटी उच्च न्यायालय. मात्र यातले प्रत्येक दार उघडताना आतला माणूस आधीचा कागद मागतो, आणि तो कागद घटनेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच तयार होऊ शकतो. म्हणून हा लेख कलमांपासून सुरू न होता रात्रीपासून सुरू होतो.

पहिली पायरी: माणूस उचलला, तेव्हा वेळ पक्की करा

"चौकशीसाठी नेतोय, तासाभरात सोडतो" असे सांगून माणसाला नेले जाते आणि अटक मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखवली जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ५८ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. पुढे कायद्याचे नाव न घेता दिलेली कलमे याच संहितेची आहेत. हे २४ तास कागदावर उशिरा सुरू करणे ही सगळ्यात जास्त वापरली जाणारी पळवाट. तिला उत्तर एकच: नेल्याची वेळ पोलिसांच्या कागदाबाहेर कुठेतरी नोंदली गेली पाहिजे.

माणसाला नेताच ११२ वर फोन करा आणि "अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून, अमुक ठाण्याचे पोलीस घेऊन गेले, अटकेचे कारण सांगितले नाही" एवढेच सांगा. त्या फोनची वेळ यंत्रणेत नोंदली जाते. लगेच हाच मजकूर पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. घराजवळच्या दुकानाचा किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही असेल, तर त्याच रात्री त्याचे चित्रण काढून घ्या. अशा खाजगी यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते.

मग ठाण्यात जा, पण एकट्याने नको. दोन माणसे, शक्य तर एक वकील. तिथे आवाज चढवू नका, कुणाच्या अंगाला हात लागू देऊ नका. सरकारी कामात अडथळा, म्हणजे जुने कलम ३५३ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतले कलम १३२, हा गुन्हा तक्रार करायला आलेल्या नातेवाइकांवरच दाखल होतो, आणि मग मूळ तक्रार बाजूला पडून सगळ्यांची धावपळ जामिनासाठी सुरू होते.

ठाण्यात या गोष्टी विचारा आणि मिळालेले उत्तर वेळेसह वहीत लिहा: अटक केली आहे की नाही, कोणत्या गुन्हा रजिस्टर क्रमांकात, तपास अधिकारी कोण, स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक काय. कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्याची नेमप्लेट स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा मेमो तयार झाला पाहिजे आणि त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावे ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावायची असतात, त्यासाठी प्रत्येक ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी नेमलेला असतो. कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, संपूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही.

अटकेची कारणे आता लेखी मागा. मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कारणे आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायची, आणि तत्काळ शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. मराठी माणसाला इंग्रजी कागद देऊन सही घेतली असेल, तर हा मुद्दा रिमांडच्याच वेळी वकिलाने मांडायला हवा.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याला लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर स्त्रिया, १५ वर्षांखालची मुले, ६० वर्षांवरचे पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, असे कलम १८१ सांगते. कोऱ्या कागदावर सही तर कोणत्याही परिस्थितीत नको. जबरदस्ती झालीच, तर सुटल्यावर त्याच दिवशी तसे लेखी कळवा.

२४ तास उलटले आणि माणूस कुठे आहे तेच कळत नसेल, तर हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारी उच्च न्यायालयातली याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे उच्च न्यायालय बसते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच आहे. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. कोठडीतल्या माणसाला, स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दुसरी पायरी: शरीरावरचा पुरावा

अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी हवी, आणि तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला द्यायची असते, हे कलम ५३ मध्ये आहे. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी सांगितली. प्रत्यक्षात तपासणी पोलिसांच्या उपस्थितीत दोन मिनिटांत उरकते आणि "बाह्य जखमा नाहीत" असा शेरा पडतो. म्हणून डॉक्टरांना स्वतःहून सांगायचे: कुठे मारले, कशाने मारले, कधी मारले. पोलिसांना खोलीबाहेर थांबवण्याची विनंती करायची. डॉक्टरांनी लिहिले नाही, तर पुढच्या हजेरीला न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगायचे आणि पुन्हा तपासणीचा आदेश मागायचा.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या प्रश्नाची तयारी नातेवाइकांनी आणि वकिलाने आरोपीकडून आधीच करून घ्यावी. उत्तर लहान असावे: "हो साहेब, तक्रार आहे. काल रात्री पट्ट्याने मारले, उजवा तळपाय सुजला आहे." बोलायची भीती वाटत असेल, तर वकिलाने लेखी अर्ज द्यावा आणि जखमा न्यायालयाने स्वतः पाहून आदेशात नोंदवाव्यात अशी मागणी करावी. त्याचबरोबर पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी मागावी. तुरुंगात दाखल होताना पुन्हा वैद्यकीय तपासणी होते आणि ती नोंद पोलिसांच्या हातात नसते. ठाण्यात "जखमा नाहीत" आणि तुरुंगाच्या दवाखान्यात "पाठीवर वळ" असे दोन कागद पुढे-मागे आले, की तिथे तक्रारीला खरा पाया मिळतो.

माणूस सुटून आला असेल, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन मेडिको-लीगल नोंद (पोलीस प्रकरणासाठीची अधिकृत वैद्यकीय नोंद) करा. खाजगी डॉक्टरकडे आधी उपचार घेतले तरी हरकत नाही, पण सरकारी नोंदीला पर्याय नाही. फोटो रोज काढा, दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय, जखमेशेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून. एक फोटो जखमेचा जवळून आणि एक चेहरा दिसेल असा. मुका मार रंग बदलत जातो: आधी लालसर, दोन-तीन दिवसांत काळानिळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, आठवड्यानंतर पिवळट. ही रंगांची साखळी जखम कोणत्या दिवसाची आहे ते सांगते. सावळ्या त्वचेवर पहिल्या दिवशी वळ दिसतही नाहीत, तिसऱ्या दिवशी उमटतात. तळपायावरचा मार बाहेरून फारसा दिसत नाही. चालताना दुखत असेल, तर एक्स-रे मागून घ्या. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये रक्ताचे डाग कुजतात.

फोनवरचे चित्रण किंवा आवाज पुरावा म्हणून वापरायचा, तर मूळ फोन जपून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत कमकुवत ठरते, कारण तिथे फाइल आकसते आणि मूळ माहिती गळते. पोलीस ठाण्यात रेकॉर्डिंग केले म्हणून शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा होत नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

तिसरी पायरी: ठाण्याचा सीसीटीव्ही

परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वार, सगळे लॉकअप, व्हरांडे, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, मागचा भाग, यातले काहीही वगळायचे नाही. अंधारात दिसणारे, आवाजही टिपणारे कॅमेरे हवेत. साठवण १८ महिन्यांची, आणि बाजारात तशी यंत्रेच नसतील तरी किमान एक वर्षाची. मानवी हक्कांचे उल्लंघन झाले तर चित्रण जतन करून घेण्याचा पीडिताला हक्क आहे, हे सांगणारा फलक ठाण्यात लावायचा आहे. फलक नसेल, तर नसल्याचा फोटो घ्या.

चित्रण जपण्याचे पत्र घटनेपासून तीन दिवसांत गेले पाहिजे. "चित्रण द्या" असे लिहू नका, त्याला तपासाचे कारण देऊन नकार मिळतो. "जतन करा" असे लिहा. पत्रात ठाण्याचे नाव, तारीख, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत आणि कोणते कॅमेरे हे सगळे हवे. पत्र तिघांना पाठवा: ठाण्याचे प्रभारी निरीक्षक, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, आणि जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी कशाला, असे वाटेल. त्याच आदेशाने जिल्हा पातळीवर सीसीटीव्हीची देखरेख समिती नेमली आहे, आणि विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख हे तिचे सदस्य. म्हणजे पोलीस खात्याबाहेरच्या माणसाच्या टेबलावर तुमचा कागद पोचतो.

"त्या दिवशी कॅमेरा बंद होता" हे उत्तर येणारच असे धरून चाला. आले की लगेच विचारा: बंद पडल्याची नोंद कोणत्या तारखेला केली, समितीला कधी कळवले, दुरुस्ती कधी झाली. आदेशाप्रमाणे बिघाड ताबडतोब समितीला कळवणे ही ठाणे प्रमुखाची जबाबदारी आहे. बिघाडाची जुनी नोंद नसताना नेमक्या त्याच रात्री चित्रण नसणे हा तुमच्याच बाजूचा मुद्दा होतो.

चौथी पायरी: अर्ज लिहिणे

बहुतेक तक्रारी इथे मार खातात. संतापाच्या भरात माणूस पाच पाने लिहितो, त्यात अन्याय, मुजोरी, लोकशाही हे सगळे असते, फक्त तारीख नसते. "मला पोलिसांनी बेदम मारहाण केली" हे वाक्य चौकशी अधिकारी एका ओळीत निकाली काढतो. त्याऐवजी असे लिहा:

"दि. … रोजी रात्री सुमारे ९.४० वाजता मला ठाणे अंमलदाराच्या टेबलामागच्या खोलीत नेले. तिथे पोलीस हवालदार, बक्कल नंबर …, आणि साध्या कपड्यातील एक इसम, अंदाजे वय ३५, डाव्या भुवईवर व्रण, असे दोघे होते. हवालदाराने रबरी पट्ट्याने माझ्या उजव्या तळपायावर अंदाजे दहा ते बारा वेळा मारले. त्या वेळी लॉकअपमध्ये आणखी दोन इसम होते. १०.३० च्या सुमारास मला बाहेर बाकावर बसवले."

यातले प्रत्येक वाक्य तपासून पाहता येते. ड्यूटी चार्टवरून त्या वेळी कोण हजर होते ते कळते, लॉकअप रजिस्टरवरून दुसरे दोन इसम सापडतात, कॅमेऱ्यात बाक दिसते. नाव माहीत नसेल तर बक्कल नंबर लिहा, तोही नसेल तर वर्णन. जे पाहिले नाही ते लिहू नका आणि आकडे फुगवू नका. पन्नास फटके लिहिले आणि वैद्यकीय अहवालात दोन वळ निघाले, की खरे दोन वळही खोटे ठरतात. खोटी तक्रार आणि खोटे प्रतिज्ञापत्र हे स्वतंत्र गुन्हे आहेत.

अर्ज दोन पानांत बसवा. वर घटनाक्रम, खाली जोडलेल्या कागदांची यादी, शेवटी नेमकी मागणी: गुन्हा दाखल करावा, चौकशी दुसऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे द्यावी, चित्रण जतन करावे. हाताने दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. पोच देत नसतील तर वाद घालत बसू नका, स्पीड पोस्टने पाठवा आणि ट्रॅकिंगचे पान त्याच आठवड्यात छापून ठेवा. रजिस्टर एडीची जुनी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे.

पाचवी पायरी: कोणत्या दाराने जायचे

गुन्हा नोंदवून घेत नसतील, तर वाट ठरलेली आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिताकुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी घटनापीठाने सांगितले. हद्दीचे कारण चालत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचाही एफआयआर, घ्यावाच लागतो. तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, तेवढीच सूट. बऱ्याचदा अदखलपात्र म्हणून एनसी, म्हणजे एफआयआर नसलेली साधी नोंद, हातात देऊन बोळवण करतात. ती घ्या, तारखेचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण तिथे थांबू नका. कलम १७३ च्या पोटकलम ४ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, आणि त्यांनीही काही केले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे कलम १७५ च्या पोटकलम ३ खाली अर्ज करा. या अर्जाला प्रतिज्ञापत्र लागते, आणि अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राची पोच नसेल तर अर्ज तिथेच अडतो. लैंगिक अत्याचार, अ‍ॅसिड हल्ला, मानवी तस्करी अशा ठरावीक गुन्ह्यांची खबर नोंदवली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली त्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे.

पोलिसानेच गुन्हा केला असेल तर वाट जरा खडतर. कलम १७५ च्या पोटकलम ४ प्रमाणे, कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी न्यायदंडाधिकारी वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे विचारात घेतात. पुढे खटल्यासाठी कलम २१८ खाली सरकारची मंजुरी लागू शकते. १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते, हा नव्या कायद्यातला महत्त्वाचा बदल. महाराष्ट्रात याहून जुना एक अडसर आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांनंतर खटला किंवा दावा चालत नाही, फक्त राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने खटल्यासाठी दोन वर्षांपर्यंत मुदत मिळते. चांगले वकीलसुद्धा या सहा महिन्यांत अडकतात. यावर उत्तर आहे: कबुलीसाठी मारहाण करणे हे कर्तव्याच्या नावाखाली येतच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या १९६६ च्या निकालात सांगितले आहे. तरीही वादाला जागा ठेवू नका. सहा महिन्यांच्या आत न्यायालयात कागद पडला पाहिजे.

लाच मागितली असेल, तर यातले काहीही करू नका, थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जा, फोन १०६४. पैसे देण्याआधी जा. आधी मागणीची पडताळणी होते, पंचांसमक्ष रेकॉर्डिंग होते, मग पावडर लावलेल्या नोटांचा सापळा लागतो. दबावाखाली पैसे देऊन झाले असतील, तर सात दिवसांच्या आत कळवले पाहिजे, नाहीतर देणाराही आरोपी होऊ शकतो.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर घरच्यांनी पहिल्या काही तासांत तीन मागण्या लेखी द्याव्यात: कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याची स्वतंत्र चौकशी, शवविच्छेदनाचे चित्रीकरण, आणि ते शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयात. दहन झाले की दुसऱ्यांदा शवविच्छेदन होऊ शकत नाही, म्हणून घाईने अंत्यविधी उरकण्याच्या दबावाला बळी पडू नका. सांगलीत २०१७ मध्ये कोठडीतल्या तरुणाच्या मृत्यूनंतर आरोपी पळून गेल्याचा बनाव रचला गेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचे उघड झाले. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत मरण पावलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या आईने लढा सोडला नाही. ४ जुलै २०२५ रोजी छत्रपती संभाजीनगर खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयात राज्य सरकारचे आव्हान टिकले नाही. त्या लढ्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या चौकशीचा अहवाल कळीचा ठरला.

नुकसानभरपाई हवी असेल तर मानवी हक्क आयोग. घटनेपासून एक वर्षाची मुदत, फी नाही, मराठीत अर्ज चालतो. राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग अशा दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका. राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेली बाब राष्ट्रीय आयोग हाताळू शकत नाही, आणि दोन्ही अर्जांच्या पत्रव्यवहारात महिने जातात. आयोग शिफारस करतो, अंमलबजावणी सरकारने करायची असते.

सहावी पायरी: पोलीस तक्रार प्राधिकरण

उत्तर प्रदेश आणि आसामचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंग १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला आणि सात निर्देश आले. त्यातला एक होता पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ती आणली. मुंबईत राज्य प्राधिकरण आहे, अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. खाली विभागीय प्राधिकरणे. गोव्यातही राज्य पातळीवर असे प्राधिकरण आहे.

पोलीस अधिनियमाच्या कलम २२ क्यू खाली कोणत्या तक्रारी बसतात ते पाहून घ्या: कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, विहित कार्यपद्धती न पाळता अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे, आणि कायद्याचे गंभीर उल्लंघन किंवा अधिकाराचा गैरवापर. "तपास नीट केला नाही", "आरोपीला पाठीशी घातले" एवढेच लिहिलेली तक्रार पहिल्याच छाननीत बाहेर पडते. तीच बाब शेवटच्या सदरात बसवून मांडता येते, पण त्यासाठी अधिकाऱ्याने कायद्याचे कोणते कलम मोडले ते लिहावे लागते. उदाहरणार्थ, अटकेचा मेमो केला नाही हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ चे उल्लंघन, नातेवाइकाला कळवले नाही हे कलम ४८ चे.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, आधीच्या सगळ्या अर्जांच्या पोच आणि वैद्यकीय कागद जोडा. गैरअर्जदाराचे, म्हणजे ज्या पोलिसाविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव, हुद्दा आणि घटनेच्या वेळचे ठाणे लिहा. बदली झाली असेल तर दोन्ही ठिकाणे लिहा, नाहीतर नोटीस बजावण्यातच वेळ जातो. प्राधिकरणाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण ते आपणहून क्वचित वापरले जातात. म्हणून पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्या: अमुक दिवसाची स्टेशन डायरी, ड्यूटी चार्ट, लॉकअप रजिस्टर, वाहनाचे लॉगबुक, सीसीटीव्ही चित्रण मागवावे. वाहनाचे लॉगबुक विसरू नका. माणूस किती वाजता आणला, याची खरी वेळ अनेकदा तिथे सापडते. पोलिसांनी दाखल केलेल्या उत्तराची प्रत मागून घ्या आणि त्यावर मुद्देसूद प्रत्युत्तर द्या. तारखेला गैरहजर राहू नका.

या काळात "मिटवून टाका" असे निरोप येतील. कधी चॅप्टर केसची (शांतता राखण्याच्या हमीसाठीची प्रतिबंधक कारवाई) नोटीस येईल, कधी तडीपारीची धमकी. प्रत्येक निरोप तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि प्राधिकरणाला त्याच आठवड्यात कळवा. दबावाची नोंद चौकशीच्या कागदांत आली, की नंतर दाखल झालेला खोटा गुन्हा सूडाचा आहे हे दाखवता येते.

सातवी पायरी: देखरेख करणाऱ्यांवर देखरेख

सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की प्राधिकरण जिल्हा पातळीवर हवे. महाराष्ट्राने ते विभाग पातळीवर नेले. गडचिरोलीच्या आदिवासी माणसाला नागपूरपर्यंत तारखांना यावे लागते, आणि तिसऱ्या तारखेला तो येत नाही. निर्देश असा होता, की शिफारसी संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतील. आपल्या कायद्यात कारणे नोंदवून त्या नाकारण्याची वाट सरकारला ठेवली आहे. अध्यक्षांची निवड उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नावांतून व्हावी, असेही निर्देशात होते. या तीन जागी कायदा दुरुस्त झाला, तर मारहाण झालेल्या माणसाचे प्राधिकरणापर्यंतचे अंतर खरोखर कमी होईल. त्यासाठी आमदारांना विधिमंडळात प्रश्न विचारायला लावणे आणि त्याआधी माहिती अधिकाराने आकडे हातात घेणे, हे दोन्ही सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला असा अर्ज करा:

"मागील तीन कॅलेंडर वर्षांत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाने शासनास पाठवलेल्या अहवालांची वर्षनिहाय संख्या, त्यांपैकी स्वीकारलेल्या, नाकारलेल्या व प्रलंबित अहवालांची संख्या, नाकारलेल्या प्रत्येक अहवालाबाबत नोंदवलेल्या कारणांच्या प्रती, नावे वगळून, आणि प्राधिकरणातील रिक्त पदे, रिक्त झाल्याच्या तारखेसह."

दुसरा अर्ज स्वतंत्रपणे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे: सीसीटीव्ही देखरेख समितीच्या मागील एका वर्षातील बैठकांची इतिवृत्ते आणि ठाणेनिहाय बंद कॅमेऱ्यांची यादी. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(एच) दाखवून "तपासात अडथळा येईल" असे उत्तर आले, तर अपिलात विचारा, की कोणत्या तपासात आणि कसा अडथळा येतो. नुसते तपास चालू आहे म्हणणे पुरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात सांगितले आहे. उत्तरासाठी ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील. या तिन्ही तारखा अर्ज टाकला त्याच दिवशी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. माणूस कोठडीत असताना त्याच्या जीविताविषयी माहिती हवी असेल, तर ३० दिवस थांबायचे नाही. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात "जीवित व स्वातंत्र्य, ४८ तास" असे ठळक लिहा.